फ्रीजरचा सूर

माझ्या धाकट्या भावाच्या बँडमध्ये तिघंच होते. तो गिटार वाजवी आणि गाई. बेस गिटारवर उंचाडा बांबू, ड्रम्सवर ढोल्या. सराव रोज चार ते सहा, बांबूच्या मामाच्या बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या दुकानात. बल्बला जांभळा जिलेटीन कागद लावायचा आणि वीस-वीस मिनिटं एकच सूर घोळवायचा. त्याला ते सायकेडेलिक रॉक म्हणत. मी वर्तमानपत्रात बातमीदार. त्यांच्या पहिल्या कार्यक्रमावर लिहायचं होतं, म्हणून टिपणं ठेवत होते.

गिटार जुळवायचं यंत्र त्यांच्याकडे नव्हतं. कोपऱ्यातल्या डीप फ्रीजरची घरघर सतत चालू असे; तिच्यावरच ते तारा लावत.

"हा आमचा चौथा मेंबर, ताई," ढोल्या म्हणाला. "एकटाच कधी उशिरा येत नाही."

तीन तारखेला मी शेजारणीचा छोटा कीबोर्ड नेऊन पाहिला. घरघर 'ई'ला जुळली. दहा तारखेला त्याहून खालच्या 'डी'ला. सतराला 'सी'च्याही खाली. तारा आता इतक्या सैल होत्या की बांबूच्या बोटांखाली लोंबत होत्या. त्यांच्यामागोमाग भावाचा आवाजही उतरत गेला.

"घसा बसलाय का रे?" आईने जेवताना विचारलं. "गुळण्या कर."

"बसला नाही गं, खाली गेलाय." शब्द त्याच्या तोंडातून नव्हे, खुर्चीतून आल्यासारखे वाटले.

वीस तारखेला मी बांबूच्या मामांना फोन करून फ्रीजर दुरुस्त करायला सांगितलं.

"कुठला फ्रीजर?" ते म्हणाले. "दुकान बंद केलं तेव्हाच मोटर काढून नेली. नुसतं खोकं आहे ते."

एकवीसला मी पोरांच्या आधी पोचले. खोकं भिंतीपासून ओढलं. मोटरच्या जागी भोक होतं, वायर मुळाशीच कापलेली. झाकण उघडलं. आत कोरडं, रिकामं. घरघर चालूच होती. मी हात आत घातला, तर ती माझ्या दातांत जाणवली.

पोरं आली. "आजपासून इथे सराव नाही," मी सांगितलं.

भावाचे ओठ हलले. मला काही ऐकू आलं नाही.

"शनिवारी कार्यक्रम आहे म्हणतोय," बांबू म्हणाला. "आम्हाला येतं ऐकू."

मी भावाचा दंड धरून त्याला तडक डॉक्टरकडे नेलं. त्यांनी घसा तपासला. "ठणठणीत आहे. बोल ना बाबा."

तो बोलतच होता.

कार्यक्रम रद्द झाला. शनिवारी दुपारी तो आतल्या खोलीत झोपला. बाहेर यायची वाट माझ्या टेबलाजवळूनच होती. मी बातमी लिहीत होते. घर शांत होतं.

समोरच्या पेल्यातलं पाणी थरथरलं. थांबलं. पुन्हा थरथरलं.

दोन अक्षरं. ता-ई. तो मला हाक मारत होता.

"आले रे," म्हणत मी आत गेले.

पलंग रिकामा होता. खिडकीची कडी आतून लावलेली. चादर अजून कोमट.

मी वळून टेबलाकडे पाहिलं.

पेल्यातलं पाणी पुन्हा दोनदा हललं. या वेळी जास्त सावकाश.