जागेश्वरच्या छातीतली रेघ

बसा पोरींनो. उद्या तुमचं छातीच्या सोनोग्राफीचं ट्रेनिंग हाये न? हर्षा मॅडम शिकवणार हायेत. मंग त्यायची गोष्ट आयकून घ्या. मी, देवाजी, तवा दवाखान्याची अ‍ॅम्ब्युलन्स चालवत होतो, जे पाह्यलं तेच सांगतो. हासाचं असंन त आत्ताच हासून घ्या.

दोन हजार चोवीस. नऊ जानेवारी, मंगळवार. रात्री फोन आला, लाखांदुराजवळून पेशंट आणा. गेलो, आणला. दोन वाजून दहा मिनिटं झाले होते. जागेश्वर नावाचा पोरगा, ट्रॉलीतल्या धानाच्या पोत्यायवरून खाली पडला होता. ओठ निळे, श्वास घेता येईना. बायको गुड्डी त्याचे पाय धरून बसलेली.

मोठ्या डॉक्टरनं फोनवर सांगितलं, "भंडाऱ्याले पाठवा."

हर्षा मॅडम याच सोनोग्राफीचं चार दिवसाचं ट्रेनिंग करून आदल्या दिवशीच आलेल्या. म्हणाल्या, "सर, दीड तासाचा रस्ता आहे. रस्त्यातच जाईल हा. मी नाही पाठवत." अन् फोन ठेवून देल्ला!

मशीन लावली. पडद्यावर पांढरी रेघ दिसते, फुप्फुस चालत असंन त ते सरकते. डावीकडची सरकत होती. उजवीकडची थांबलेली.

"इथं हवा अडकली. सुईनं काढावी लागेल. देवाजी, टॉर्च काढून ठेवा."

तवाच लाईट गेले.

टॉर्च मारला त... पलंगाच्या डोक्याशी एक म्हातारा. धोतर नेसलेला. एवढ्या थंडीत उघडा. दारात त मी उभा होतो. हा आला कोठून?

मॅडमनं इचारलं, "बाबा, तुम्ही याचे कोण?"

त्यानं जागेश्वरच्या डाव्या छातीवर हात ठेवला.

मशीन बॅटरीवर चालू होती. डावी रेघ हळू झाली...

थांबली.

गुड्डी ओरडली. मी टॉर्च घेऊन दोन पावलं मागं सरलो. मॅडम नाही सरल्या, बापा!

"हात काढा."

म्हाताऱ्याचा हात तसाच छातीवर.

"हा माझा पेशंट आहे. नेऊन तर दाखवा!"

डाव्या हातानं त्याचा पंजा धरला अन् बाजूला फेकला. उजव्या हातानं जागेश्वरच्या उजव्या छातीत सुई टोचली.

फुस्स...

हवा निघाली. जागेश्वरनं श्वास घेतला. परत मशीन लावली त दोन्ही रेघा सरकून राहिल्या होत्या. म्हातारा नव्हता.

जागेश्वर आज ट्रॅक्टर चालवते.

सकाळी मॅडम नळावर हात धूत होत्या. धूतच राहिल्या. मी जवळ गेलो त त्यायनं डावा तळहात पुढं केला. कोरा. एक रेषा नाही त्याच्यावर.

हासल्या अन् म्हणाल्या, "बरं झालं देवाजी. आता माझं नशीब कोणाच्या बापाला वाचता येणार नाही."

त्या हात लपवत नाहीत. उद्या पाहून घेजा.