वर्षाला बारा हजार किलोमीटर

मी दिवसभर लोकांना चष्मे लावून देते, आणि तीच मी भर दुपारी गाड्यांच्या शोरूमच्या काचेच्या दारावर धाडकन आपटले. दार आहे हे दिसलंच नाही... इतकं चकाचक पुसलेलं!

"लागलं का हो?" आतून एक निळा टाय धावत आला. हातात थंड पाण्याची बाटली. "ही कपाळाला धरा. नाहीतर टेंगूळ येईल."

"दार असं पुसतात का कोणी?" मी त्याच्यावरच डाफरले.

"उद्यापासून जरा मळकट ठेवू," तो अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला. बाटली देताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली आणि मी... जाऊ दे. मी तिथे भांडायला गेले होते, लाजायला नाही.

कारण प्रकरण गळ्याशी आलं होतं. बाबा बावीस वर्षं एका मोठ्या हॉटेलच्या पाहुण्यांची विमानतळावरून ने-आण करतात. गाडी स्वतःची, चालकही स्वतःच. आता हॉटेलने फर्मान काढलं होतं: महिन्याच्या शेवटच्या दिवशी, संध्याकाळी सहाच्या आत, एक वर्षाच्या आतली आलिशान गाडी दाखवा. दाखवलीत तर पुढची तीन वर्षं काम तुमचं. नाहीतर राम राम! तसली गाडी विकत घेण्याची आमची सात जन्मांत ऐपत नव्हती. राहता राहिली लीज. म्हणजे दरमहा हप्ता भरून तीन वर्षं गाडी वापरायची आणि मग परत करायची. पण तो हप्ताही आवाक्याबाहेरचा, आणि चार शोरूमवाल्यांनी एकच पालुपद ऐकवलं होतं, सूट नाही. हे पाचवं.

बाबांना मी मुद्दामच घरी ठेवलं होतं. मागच्या शोरूममध्ये त्यांनी विक्रेत्यासमोरच बॉनेटवरून हात फिरवला आणि म्हणाले, "काय गाडी आहे हो! हिची किंमत कमी करणं म्हणजे हिचा अपमान." झालं! आता यांच्यासाठी घासाघीस करायची तरी कशी? म्हणून ते काम माझ्याकडे. आमच्या घरात मला वकीलसाहेबच म्हणतात.

"हप्ता किती कमी होईल?" कपाळाला बाटली धरूनच मी विचारलं.

"नाही होणार."

"थोडासुद्धा?"

"नव्या गाडीवर सूट द्यायची नाही, असा कंपनीचा आदेशच आहे, ताई—"

"ताई म्हणू नका." हे माझ्या तोंडून इतक्या घाईने निघालं की तो चमकलाच. मग हळूच हसला.

"बरं... मग काय म्हणू?"

"काही म्हणू नका. हप्ता कमी करा."

त्यानंतर तीन आठवडे माझी जेवणाची सुट्टी तिथेच गेली. मनातल्या मनात मी त्याचं नाव टायवाला ठेवलं. मी दारात दिसले की तो दोन कप चहा सांगायचा, आणि गिऱ्हाइकांना फिरवून दाखवायची जी करड्या रंगाची डेमो गाडी होती तिच्यात बसवून एक चक्कर मारून आणायचा. भांडायला निवांत जागा मिळावी म्हणून, असं त्याचं म्हणणं. एकदा वाटेत पाऊस आला. काचेवर चार थेंब पडले आणि वायपर आपोआप फिरायला लागले.

"पाहिलंत? हिला सांगावं लागत नाही. सगळं आपोआप कळतं."

"काहींना सांगूनही कळत नाही."

त्याने मान वळवली. "कोणाला?"

"तुमच्या कंपनीला! हप्त्याबद्दल बोलतेय मी." पण माझे कान तापले होते, आणि ते त्याने पाहिलं. सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलेना. मागचे हॉर्न वाजवून दमले.

आमच्या चष्म्याच्या दुकानातल्या मैत्रिणीला हे सांगितलं तर ती चष्म्याची काडी पिरगाळत म्हणाली, "अगं बये, तो सगळ्यांशीच असा गोड बोलत असणार. पगार त्याचाच मिळतो त्यांना!"

मी हसण्यावारी नेलं. पण त्या रात्री नीट झोप लागली नाही.

शेवटचा दिवस उजाडला. बुधवार. दुपारी साडेचारला शोरूममधून फोन आला, या, हप्ता तुम्ही म्हणाल तेवढाच. मी धावतच गेले. आतल्या टेबलाशी शोरूमच्या मॅनेजर बसल्या होत्या, सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात. समोर करार. हप्त्याचा आकडा पाहिला आणि मला तिथेच नाचावंसं वाटलं. जिंकले होते मी!

टायवाला खिडकीशी उभा होता. "अभिनंदन," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

दिवसभर मी लोकांच्या डोळ्यांतच बघत असते. कोण नजर चुकवतंय, हे मला लगेच कळतं. गाडी खपली, आता गोड बोलायची गरज संपली... मैत्रीण बरोबर होती तर! बाबांचं काम झालं होतं आणि मला मात्र रडू फुटत होतं. म्हटलं, सही करायची आणि इथून सुटायचं. पेन उचललं.

"सही करू नका."

त्याचा हात कागदावर होता. मोठ्या बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "काय चाललंय हे?"

"पान तीन बघा," तो मला म्हणाला. "किलोमीटरची मर्यादा. आधी वर्षाला पस्तीस हजार होती. आता बारा हजार केलीय. हप्ता कमी झाला तो असा."

मला अजूनही उलगडेना. "म्हणजे?"

"तुमचे बाबा रोज विमानतळाच्या दोन फेऱ्या मारतात. बारा हजार पाच महिन्यांतच संपतील. पुढच्या प्रत्येक किलोमीटरचा दंड, गाडी परत करताना. एकरकमी. घर विकावं लागेल तुम्हाला."

मी पान उलटलं. होतं तिथे. स्पष्ट, ठळक छापलेलं. तीन आठवडे मी एका हप्त्याच्या आकड्यावर डोळे लावून बसले होते आणि बाकी काही पाहिलंच नव्हतं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"सकाळी." त्याने मान खाली घातली. "गप्प बसायचं ठरवलं होतं मी. नाही जमलं."

"नोकरी नकोशी झालीय का तुला?" मोठ्या बाईंचा आवाज चढला नाही, म्हणूनच जास्त भीती वाटली. "त्यांनी हप्ता कमी मागितला, आपण दिला. फसवलं कुठे? आणि पस्तीस हजार हवे असतील तर हप्ता जुनाच. सूट नाही म्हणजे नाही."

पाच वाजायला दहा मिनिटं होती. बाबा इस्त्रीचा गणवेश घालून हॉटेलच्या फाटकाशी उभे असणार. मला त्याचा राग आला होता, बाईंचा आला होता, सगळ्यात जास्त स्वतःचा आला होता. आणि रागावले की माझं डोकं बरं चालतं.

"बाई, सूट नव्या गाडीवर नाही ना?"

"नाही."

"मग ती करडी द्या. डेमोची. नऊ हजार किलोमीटर फिरलीय ती, मीच बघितलेत. कागद पाच महिन्यांपूर्वीचे, म्हणजे हॉटेललाही चालेल. ती नवी नाही, तर कंपनीचा आदेश तिला कसा लागू?"

बाई बोटं टेबलावर वाजवत राहिल्या.

"आज आपल्याला एक गाडी कमी पडतेय, बाई," टायवाला हळूच म्हणाला. "या महिन्याच्या ठरलेल्या विक्रीला."

"डेमो गाडीवर तुला कमिशनची दमडीही मिळत नाही. माहितीय ना?"

"माहितीय."

बाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. काय दिसलं त्यांना कोण जाणे! करार पुढे ओढला आणि फाडला. "पस्तीस हजार किलोमीटर, हप्ता तुम्ही म्हणता तोच. वीस मिनिटांत नवे कागद करा. आणि तू... तुझ्याशी मी उद्या बोलते."

गाडी त्यानेच चालवली. प्रत्येक सिग्नल आमच्या वाईटावर टपलेला. सहाला चार मिनिटं कमी असताना फाटकातून आत शिरलो.

हॉटेलच्या अधिकाऱ्याने कागद तपासले, मीटरवरचे किलोमीटर पाहिले, गाडीभोवती दोनदा फिरला आणि शिक्का मारला. तीन वर्षं! बाबा दार उघडून आत बसले, आरसा स्वतःच्या उंचीला लावून घेतला, आणि मग दोन्ही हातांनी चेहरा झाकला. मी तिकडे पाठ फिरवली. मला बघवेना.

टायवाला फाटकाबाहेर एकटाच उभा होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"नोकरी गेली तर?"

"बाई ओरडतील. काढणार नाहीत बहुतेक."

"बहुतेक?"

"बहुतेक."

"मग कशाला सांगितलंत मला?"

त्याने बुटांकडे पाहिलं. "तीन वर्षांनी गाडी परत करताना तुमच्या घरात सगळ्यांनी मला शिव्या घातल्या असत्या."

"घातल्याच असत्या."

"आणि मला..." त्याने टायची गाठ सैल केली. "मला त्या घरात जेवायला यायचंय. तुमच्या शेजारी बसून. एकदाच नाही, नेहमीच. तुम्ही मला फार आवडता. पहिल्या दिवसापासून... आणि हे मी कोणत्याही गिऱ्हाइकाला सांगत नाही."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. इतके दिवस मुठीत धरलेला जीव एकदम सुटा झाला. हसूही येत होतं, आणि दोन्ही एकदम आवरता येईना.

"मलाही आवडता तुम्ही," मी म्हटलं. "रविवारी या जेवायला."

"रविवारी?" त्याचा चेहरा पडला. "आज बुधवार आहे हो. चार दिवस फार होतात... थोडं कमी करा ना."