शिळ्या सणाची रताळी

गडबच्या थांब्यावर एसटीनं असा काही ब्रेक मारला, की सगुणाच्या मांडीवरची पिशवी उसवली आणि आतली रताळी बसभर सुटली. एक कंडक्टरच्या पायाशी, दोन पुढच्या सीटखाली, आणि एक जाडजूड, लालबुंद रताळं गडगडत थेट दारापर्यंत. तिथं नेमका एक जण वर चढत होता. त्यानं ते अलगद उचललं.

“मॅडम, मंडई रोह्याला उतरून भरवा!” कंडक्टर ओरडला. बस हसली. सगुणा कानापर्यंत लाल झाली.

“हे तुमचंच ना?” तो रताळं पुढे धरून म्हणाला. “का आपलं आपण तिकीट काढून चाललंय?”

हसू नये असं तिनं ठरवलं होतं... पण हसली. रिकामी जागा तिच्याच शेजारी होती. तो बसला. रात्रपाळी करून आलेला दिसत होता. डोळे तांबारलेले, शर्टाच्या बाहीला तेलाचा डाग. बस सुटल्यावर त्यानं बॅगेतून एक काचेची बरणी काढली आणि चमच्यानं कोरडंच काहीतरी कुरुमकुरुम खायला लागला.

तिनं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. त्याच्या ते लक्षात आलं.

“ग्रॅनोला. ओट्स, बदाम, मनुका, मध... सगळं भाजून. बहीण पाठवते इस्रायलहून. आमच्याकडे पोह्यांचा मलिदा करतात, त्याचाच परदेशी भाऊ समजा.”

“माहीत आहे ग्रॅनोला. मी आहारतज्ज्ञ आहे. रोह्याला दवाखान्यात बसते.”

“आणि रताळी पेशंटना औषध म्हणून?”

“नाही,” ती पिशवीचं तोंड घट्ट धरत म्हणाली. “आईनं गागोद्याहून पाठवली. एकटीला काय करायचीत एवढी... म्हणून वाटायला नेतेय.”

‘एकटीला’ हा शब्द निसटला आणि तिला वाटलं, हेही सीटखाली गडगडत गेलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यानं तो शब्दही उचलला. म्हणाला, “मीही एकटाच हाय. द्या दोन.”

त्याचं नाव जोसेफ. जोसेफ अष्टमकर. रोह्याला नदीपलीकडच्या अष्टमीत त्याचं घर. एके काळी त्या आळीत इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांची घरं भिंतीला भिंत लावून होती. एकेक करून माणसं विमानात बसली आणि आता प्रार्थनेला लागणारे दहा पुरुषसुद्धा गावात जमत नव्हते. आई-वडील गेले, बहीण हन्ना लग्न करून तिकडे गेली. राहिला हा.

सगुणाला हे फार समजावून सांगावं लागलं नाही. पेणला एका गणपतीच्या कारखान्यावरची खोली तिनं भाड्यानं घेतली होती. खाली दिवसभर माणसं, माती, रेडिओ. आणि वर ती एकटी. लोकांना दिवसभर सांगायची, सावकाश जेवा, घरच्यांबरोबर बसून जेवा. आणि स्वतः ओट्याशी उभ्यानं, भिंतीला पाठ टेकवून जेवायची. एक रताळं उकडायला कुकर लावायचा म्हणजे तिला उगाच लाज वाटे. कुकरलाही वाटत असावी. शिट्टी फार हळू करायचा.

त्या दिवसापासून सकाळची बस वेगळी झाली. वडखळ मागे पडलं, की ती सरळ बसे. ओढणी नीट करी आणि शेजारच्या सीटवर पिशवी ठेवी. कुणी विचारलं तर, “गडबला येणारेत,” असं सांगे. त्याची पाळी बदललेली असली, की गडब येई, दार उघडे, भलतीच माणसं चढत... आणि पिशवी मांडीवर घेऊन ती नागोठण्यापर्यंत खिडकीबाहेर बघत राही. भातं पिवळी होत चालली होती. त्यात बघण्यासारखं तसं काही नव्हतं.

पण तो आला, की भांडण सुरू.

“शंभर ग्रॅम ग्रॅनोलात साडेचारशेच्या आसपास कॅलरी,” ती म्हणे. “वर साखर, तेल. तुमचं रताळं उकडलेलं घ्या, शंभरच्याही आत!”

“माझं कधीपासून झालं रताळं?”

“दोन नेलीत ना त्या दिवशी.”

“बरं. पण रात्रभर मशीन चालवलेल्या माणसाला शंभर कॅलरीत काय होतंय, मॅडम? एका रताळ्यानं बस तरी ढकलता येईल?”

“तंतू असतात. पोटॅशियम असतं. आणि ‘अ’ जीवनसत्त्व! डोळ्यांना चांगलं.”

“डोळे माझे बरे हायत,” तो हळूच म्हणाला. “रोज बघतोय की.”

— आणि सगुणाला पुढचे सगळे आकडे आठवेनासे झाले.

एकदा तिनं सहज विचारलं, “बहीण एवढ्या लांबून ग्रॅनोला का हो पाठवते? मुंबईतही मिळतो की.”

तो बरणीचं झाकण फिरवत राहिला. “सवय व्हावी म्हणून. म्हणते, इथं आल्यावर सकाळी हेच खायचंय, आत्तापासून खायला लाग. कागद तयार हायत माझे. दिवाळीनंतर यायचं म्हणते.”

बस कुठल्याशा खड्ड्यातून गेली. खड्डा गेल्यावरही सगुणानं पुढच्या सीटची दांडी सोडली नाही. तेव्हापासून ती बरणी तिला बरणी दिसेना. चमचाभर ग्रॅनोला त्यानं खाल्ला, की तो चमचाभर लांब गेल्यासारखं वाटे. मग ती डब्यातलं रताळं अर्धं मोडून त्याच्या हातावर ठेवी. तो ते सालासकट खाई.

नवरात्र बसलं. तिचे उपवास होते. एका सकाळी जोसेफ बसमध्ये आला. बरणी उघडलीच नाही.

“हन्ना तिकीट काढायचं विचारतेय,” तो म्हणाला. “तुम्ही आहारतज्ज्ञ. थट्टा नाय करत, खरं सांगा. माणसानं काय धरावं? ग्रॅनोला का रताळं?”

तिला कळत होतं तो काय विचारतोय. त्यालाही कळत होतं की तिला कळलंय. रताळं म्हणाली असती तर... एक शब्द तर होता. पण चार वर्षं शिकून आणि रोज खुर्चीत बसून तिनं एकच व्रत पाळलं होतं, समोरच्याला खोटं सांगायचं नाही.

“ग्रॅनोलात प्रथिनं जास्त,” ती खिडकीकडे बघत म्हणाली. “चांगले स्निग्ध पदार्थ. ताकद जास्त. रोज एकटं रताळं खाऊन नाही भागत माणसाचं. आणि... ते ‘अ’ जीवनसत्त्व केशरी रताळ्यात असतं. आमच्या गागोद्याची आतून पांढरी. त्यांत जवळजवळ नसतंच.”

“म्हणजे इतके दिवस...”

“इतके दिवस मी लबाडी करत होते.”

तो हसेल असं तिला वाटलं. तो हसला नाही. बॅग जवळ ओढून म्हणाला, “म्हणजे ग्रॅनोला.”

रोह्याचा स्टँड आला. उतरताना तो वळला. “दसऱ्याला मी नसेन बसमध्ये. सुट्टी घेतलीय. आमचा त्या दिवशी उपवास असतो.”

“दसऱ्याला?” ती एवढंच म्हणू शकली. मागून माणसं ढकलत होती.

उपवास! घरी पोचेपर्यंत तिच्या डोक्यात तोच शब्द. उपवास म्हणजे रताळी, हे तिला जन्मापासून माहीत होतं. तिनं आईला फोन लावला.

“आणखी रताळी?” काशीबाई म्हणाली. “एकटीला? कोण आलंय काय गो तुझ्याकडं?”

“कोणी नाही आई.”

“नाय ना? मग येऊ दे कोणीतरी,” म्हणून काशीबाईनं फोन ठेवला.

दसऱ्याच्या सकाळी कुकरनं खणखणीत शिट्ट्या केल्या. तिनं मोतिया रंगाची साडी नेसली, स्टीलच्या डब्यात गरम रताळी भरली, वर तुपाचा थेंब, झाकणावर आपट्याची चार पानं. दवाखाना बंद होता, तरी ती रोह्याला निघाली. बसमध्ये ती मनाशी घोकत होती: “सोनं घ्या, सोन्यासारखे राहा.” सगळं जग एकमेकांना म्हणतं ते. त्यात अवघड काय होतं? फक्त शेवटच्या शब्दाशी येऊन जीभ अडत होती. राहा. आज कुणी मुद्दाम तिच्यासाठीच तो शब्द तिथं ठेवल्यासारखा.

अष्टमीतलं घर सापडायला वेळ लागला नाही. दार बंद, खिडक्याही बंद. तिनं कडी वाजवली. आत पावलं वाजली... दारापाशी आली... आणि थांबली. त्या बाजूला कुणीतरी उभं होतं, श्वास ऐकू येईल इतक्या जवळ. दार मात्र उघडलं नाही.

“मी सगुणा,” ती म्हणाली. “उपवासाची रताळी आणलीत. आणि... सोनं घ्या, सोन्यासारखे...”

पुढचा शब्द आलाच नाही. बंद दाराला कसं म्हणायचं ते? डबा ओट्यावर ठेवून ती निघाली. कोपऱ्यावर वळून पाहिलं. दार तसंच होतं. तिला वाटलं, याहून स्पष्ट उत्तर माणूस काय देणार? त्या दिवशी परतीच्या बसमध्ये शेजारची सीट रिकामी होती आणि तिनं तिथं पिशवी ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी गडब आलं तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. दार उघडल्याचा आवाज, माणसं, दार लागल्याचा आवाज. झालं. नागोठणं गेलं, रोहा आलं.

आणि स्टँडवर, उसाच्या रसाच्या गाड्यापाशी, तो उभा. दाढी केलेली, पांढरा शर्ट, हातात तिचा डबा.

“काल...” ती म्हणाली.

“कालच्या दिवशी आमचं दार उघडत नाय. बापानंसुद्धा कधी उघडलं नाय. दारफाळणीचा सण म्हणतात आमच्यात. एक रात्र, एक दिवस दारं लावून बसायचं, देवाशी हिशेब. बाहेरच्याशी बोलायचं नाय. आणि उपवास म्हणजे पाणीसुद्धा नाय, मॅडम! रताळी चालतात म्हणून तुम्हाला कुणी सांगितलं?”

सगुणानं जीभ चावली. “पाणीसुद्धा नाही?”

“नाय. आणि दाराबाहेर तुपाचा वास! देवानं अशी परीक्षा आमच्यात कुणाची घेतली नसेल.” तो हसला, मग हसू मावळलं. “दाराला हात लावून उभा होतो मी. तुम्ही गेल्यावरही. चांदण्या दिसल्यावर उपवास सोडायचा असतो. दार उघडलं, तुमच्या रताळ्यांवर सोडला. आतून पांढरी होती. काही नसतं म्हणालात त्यांच्यात... मी एकही ठेवलं नाय.”

त्यानं डबा पुढे केला. जड होता. तिनं झाकण उघडलं. काठोकाठ ग्रॅनोला.

“डबा रिकामा परत करायचा नसतो,” तो म्हणाला. “आणि आज आमचा शिळा सण. आज दारं उघडायची, लोकांकडे जायचं, दानधर्म करायचा. तिकडच्या न्याहारीची सवय करत होतो ना, ती दान देऊन टाकतोय. पण हन्नाला अजून फोन केलेला नाय. काल तुमचं वाक्य अर्धं राहिलं. ते पुरं ऐकल्याशिवाय तिला काय सांगू?”

स्टँडवर कुठली तरी बस लागत होती, कंडक्टर गावांची नावं घेत होता. सगुणानं डब्याकडं पाहिलं. त्या बहिणीनं लांबच्या देशात बसून, भावाच्या आठवणीनं भरलेली ती बरणी. तिकडेही कुणी एकटंच ओट्याशी उभं असेल का? तिनं झाकण हळूच लावलं.

“दान कशाला?” ती म्हणाली. “रताळ्यावर मूठभर घातलं तर दोन्ही पुरं पडतं. प्रथिनं यातून, बाकीचं त्यातून. आहारतज्ज्ञ म्हणून सांगतेय.”

“आणि सगुणा म्हणून?”

तिनं पर्समध्ये हात घातला. कालचं एक आपट्याचं पान राहिलं होतं, कडेनं वाळलेलं, शिळं. ते तिनं त्याच्या हातावर ठेवलं, आणि या वेळी शब्द अडला नाही.

“राहा,” ती म्हणाली.