सहावी विहीर

"मामांनी आधी मलाच विचारलं होतं," मिरची धुसफुसली.

"हो, टाचण्या टोचशील का, म्हणून," शेपूट म्हणाला. तो तिचा धाकटा भाऊ. सदा तिच्या मागे, म्हणून शेपूट.

मामा एक छोटं संग्रहालय सांभाळायचे. सुट्टीत भाचरं मदतीला आली होती. मोठ्या टेबलावर वाळूचा नकाशा मांडला होता. जुन्या काळी रेशीम आणि मसाले लादून उंटांचे तांडे वाळवंटातून जात, ती वाट. एक वीत म्हणजे तांड्याची एका दिवसाची चाल आणि दर वितेला निळ्या डोक्याची टाचणी, म्हणजे विहीर. टाचण्या टोचल्या मिरचीने, स्वतःच्या वितेने मोजून. पण अकरा वाजता पाहुण्यांना वाट समजावून सांगणार होती मावसताई. तिचा आवाज खणखणीत, पाठांतर चोख. मिरचीच्या पोटात चार दिवस निखारे फुलत होते.

दहा वाजता तिने पुन्हा विती टाकून पाहिल्या. पाचव्या विहिरीनंतर बोट कोरड्या वाळूत टेकलं. सहावी विहीर गायब!

"ताई घोकलेलं म्हणेल, 'ही सहावी विहीर', आणि काठी रिकाम्या वाळूवर," मिरची हळूच म्हणाली. "होऊ दे फजिती."

"पण मग तांडा अडकेल ना गं?"

"तांडा कधीच मेला, शेपट्या."

"विहीर नाही तर पुढचं शहर नाही. मामा म्हणाले ना, विहीर ज्याची त्याची वाट, आणि वाट ज्याची त्याचं राज्य. आपण अख्खं राज्य बुडवतोय."

मिरचीला त्याचा राग आला. खरं बोलला, म्हणून जास्तच आला. ती वाकून बघू लागली. टाचणीच्या रिकाम्या जागेशेजारी लाकडाचा भुसा सांडला होता.

सुतारकाका दाराशी चहा पीत होते.

"काका, नकाशाला हात लावलात?"

"छे, बोटही नाही."

"नकाशाशेजारची पाटी मात्र झकास बसवलीत. एकदम सरळ."

"मग! सकाळी मीच लावली," काका फुलले.

पाटीवर लिहिलं होतं, 'हात लावू नये'. तीन कोपऱ्यांत खिळे. चौथ्यात निळी टाचणी.

काकांचा चहा बशीत सांडला. "एक खिळा कमी पडला गं. म्हटलं, एवढ्या टाचण्यांतली एक गेली तर कुणाला कळतंय?"

"तांड्यातल्या सगळ्यांना," मिरची म्हणाली.

तिने वीत टाकली आणि विहीर जागेवर बसवली. पाठीमागे मामा उभे होते, लवकर आलेल्या पाहुण्यांना घेऊन.

"आम्ही मोठे दहा वेळा इथून गेलो, पण मोजलं हिनेच," मामा म्हणाले. "आता वाट हीच दाखवेल."

मिरचीने काठी घेतली. पाठ काहीच नव्हतं, पण टाचण्या टोचताना मामांकडून सगळं ऐकलं होतं. ती विहिरीमागून विहीर सांगत गेली. कुठल्या राजाने कुठली विहीर राखली, ती आटल्यावर कुठलं शहर ओस पडलं. सहाव्या विहिरीशी टाळ्या वाजल्या. एका आजोबांनी तिची पाठ थोपटली.

तेवढ्यात तिचं लक्ष ताईकडे गेलं. ओठ दाबलेले, नजर काठीवर. तो चेहरा मिरचीने चार दिवस आरशात पाहिला होता.

क्षणभर तिला गंमत वाटली. अगदी क्षणभरच.

"सातव्या विहिरीपासून तू सांग," ती म्हणाली आणि काठी पुढे केली. "मला पुढचं नीट येत नाही."

तिला सगळं येत होतं.