मिनिटांचा रकाना

"सून गुणी आहे गं, त्यात वाद नाही. पण घरात माणूस वावरतंय की भूत, तेच कळत नाही."

सासूबाई फोनवर आपल्या लेकीला सांगत होत्या, आणि जिच्याबद्दल सांगत होत्या ती चहाचे दोन कप घेऊन त्यांच्या मागेच उभी होती. लग्नाला चार महिने झाले होते. तिला राग आला नाही, हसू आलं. कप किणकिणले तर चोरी पकडली जाईल म्हणून ती उलट्या पावली मागे गेली आणि चपला फरफटत, खोकत पुन्हा आत आली.

"अगंबाई, आलीस होय!" सासूबाई दचकल्या.

भुतानं चहा टेबलावर ठेवला.

ती गप्प असायची खरी, पण तिचं लक्ष सगळीकडे असायचं. कोण कुणाशी बोलतं आणि कोण कुणाला टाळतं, हे पाहणं तिचं पोटापाण्याचं काम होतं. एका संशोधन संस्थेसाठी ती घरी बसून समाजांचे नकाशे काढायची. जुन्या काळातले समाज आणि आजचे, इंटरनेटवर जमणारेही. माणूस म्हणजे ठिपका, बोलणं म्हणजे दोन ठिपक्यांमधली रेघ. ज्यांच्यात रेघा फार, ते ठिपके एकमेकांकडे ओढले जातात. ज्यांच्यात नाहीत ते दूर सरकतात. नवरा पाहुण्यांना सांगायचा, "ती लोकांच्या गप्पा मोजते." त्यावर सासरे हमखास म्हणायचे, "मग आपल्या घरात तिला ओव्हरटाइम मिळायला पाहिजे."

या कामासाठी लागणारं घबाड तिला सासरच्या माळ्यावरच सापडलं होतं. सासऱ्यांच्या आत्याबाईंनी तीस वर्षं गावचं टेलिफोन एक्स्चेंज सांभाळलं होतं. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांची फळी, हातात वायरी. एका घराची वायर दुसऱ्या घराच्या भोकात खुपसायची की बोलणं सुरू. प्रत्येक फोनची नोंद वहीत: तारीख, वेळ, कुणी, कुणाला. बोलणं संपलं की शेवटच्या रकान्यात मिनिटं. आत्याबाईंना कामावर लवंग चघळायची सवय होती. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती, पण वही उघडली की अजून लवंगेचा वास यायचा.

तिनं वह्यांवरून जुन्या गावाचा नकाशा काढला आणि एक गंमत तिच्या लक्षात आली. सगळ्या गावाला जोडणारी बाई नकाशात कुठेच नव्हती. आत्याबाईंनी स्वतः कुणाला फोन केलेलाच नव्हता. सगळ्यांचं ऐकायचं आणि आपण गप्प बसायचं... तिला त्या एकदम जवळच्या वाटल्या.

मग ताडून पाहायला तिनं घरच्यांचा मोबाइलवरचा ग्रुप घेतला. त्रेचाळीस माणसं. आणि नकाशा दुभंगला. एका बाजूला हे घर, दुसऱ्या बाजूला मोठ्या काकांचं, म्हणजे सासऱ्यांच्या थोरल्या भावाचं. मध्ये कोरी जागा.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. आत्याबाई गेल्या त्या दिवशी थोरल्याला वाटलं धाकटा फोन करेल, धाकट्याला वाटलं थोरला करेल. "फोन त्यानं करायला हवा होता," असं दोघंही म्हणाले, आणि अकरा वर्षं दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहून एकमेकांशी बोलले नाहीत. आता मोठे काका घर बंद करून कायमचे मुलीकडे परदेशी निघाले होते. शनिवारी. आज गुरुवार.

"जाऊ दे की," सासरे म्हणाले होते, "मला काय त्याचं?" तेव्हापासून ते पेपर उलटा धरून वाचत होते.

नकाशात तिला आणखी एक दिसलं. नातवंडांच्या फोटोंना दोघंही अंगठा द्यायचे, एकानं दिला की मिनिटाभरात दुसऱ्याचा. अकरा वर्षं दोन म्हातारे एकमेकांच्या मागोमाग अंगठे दाखवत होते.

त्या दुपारी जेवणं आटोपून घर सुस्तावलं होतं. पंखा कुरकुरत होता. ती शेवटच्या वहीच्या नोंदी संगणकात भरत होती, यंत्रासारखी, अर्थाकडे न पाहता. शेवटची ओळ भरली आणि तिनं जुना नकाशा नव्यावर ठेवला.

कोऱ्या जागेत एक रेघ होती. या घरापासून त्या घरापर्यंत.

चुकून काहीतरी भरलं गेलं असणार. तिनं रेघेवर बोट नेलं. 'धाकटा. थोरला.' आत्याबाई भाच्यांना असंच लिहायच्या. वेळ, चार वाजून दहा. तारीख...

आजची.

तिनं हळूच वही ओढली. शेवटचं पान. तेच बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर, पेन्सिलीचं. तीच तारीख, तेच साल. मिनिटांचा रकाना तेवढा कोरा. तिनं ओळीवरून बोट फिरवलं आणि बोटाला काळी पूड लागली. ताजी.

खोलीत लवंगेचा वास दाटला होता. मागे खुर्ची हलकेच करकरली, कुणी सावरून बसावं तशी... तिनं मागे पाहिलं नाही. घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून आठ.

ती बाहेर आली. सासरे आरामखुर्चीत, सासूबाई लसूण सोलत, नवरा मोबाइलमध्ये. तिला सांगायचं होतं, पण सांगणार काय?

फोन वाजला. सासऱ्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर.

"हॅलो?"

"हां, बोल," पलीकडून मोठ्या काकांचा खरखरीत आवाज. "कशाला फोन केलास?"

सासरे उभेच राहिले. "मी? तू केलास!"

"मी कशाला करू? माझा फोन वाजला म्हणून घेतला."

"खोटं बोलतोस. लहानपणापासूनची सवय आहे तुझी."

"आणि तू रडका. लहानपणापासूनचा!"

आता फोन आपटला जाणार. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात त्या दोघांच्या मधून, अगदी जवळून, एका बाईचा शांत, कामावरचा आवाज आला.

"लाइन लागली आहे... बोला."



"हे... कोण बोललं?" मोठे काका पुटपुटले.

"दादा..." सासऱ्यांचा आवाज फाटला, "तू जाऊ नकोस रे."

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. "गाढवा," मोठे काका म्हणाले, "हे सांगायला अकरा वर्षं लागली? थांब, येतो."

दहा मिनिटांत ते आले, एका पायात त्यांची चप्पल, दुसऱ्या पायात काकूंची. सासरे फोन फळीवर टाकून दाराकडे धावले. दोघं एकमेकांच्या पाठीवर धपाटे घालत रडले, मग कोण जास्त म्हातारा दिसतो यावर भांडले. मागून काकू आल्या, दोन घरं टाकून राहणारी नणंद पोरांसह आली, शेजारच्या खुर्च्या आल्या. शनिवारची तिकिटं पुढे ढकलायचं ठरलं. सासूबाई दोन चुलींवर चार पातेली चढवून गात होत्या, आणि त्यांना गाताना याआधी कुणी ऐकलं नव्हतं.

साडेसातला सगळे जेवायला बसले, आणि सगळ्या नजरा तिच्याकडे वळल्या.

"हिचंच काम ते!" नणंद म्हणाली. "दोन्हीकडे हिनंच फोन जोडला. आवाजही हिनंच काढला."

"मुखदुर्बळ म्हणत होतो, निघाली वस्ताद," मोठे काका म्हणाले. "सूनबाई, माझा फोन येताना टेबलावरच राहिला. नाहीतर तुझ्यासमोर धरून म्हटलं असतं, पुन्हा बोलून दाखव."

"बोल की गं," सासूबाई लाडानं म्हणाल्या. "कधी नव्हे ते आज तरी बोल. कसं केलंस?"

ती उठून फळीकडे गेली. सासऱ्यांचा फोन पालथा पडला होता. तिनं उचलून पाहिला. पडद्यावर मोठ्या काकांचं नाव, आणि खाली आकडे पळत होते: तीन तास बावीस मिनिटं. तेवीस.

"काका," तिनं विचारलं, "तुम्ही फोन बंद केला होतात?"

"म्हणजे काय! बंद करूनच निघालो."

स्पीकरमधून बारीक आवाज आला. दाताखाली लवंग फुटावी तसा. आणि त्यामागे, कुणी समाधानानं सोडलेला श्वास.

नणंदेनं पोरांना जवळ ओढलं. तिला मात्र भीती वाटली नाही. चार महिन्यांत पहिल्यांदाच तिला या घरात कुणाची तरी सोबत असल्यासारखं वाटत होतं. तिनं फोन जपून, सुलटा, ताटांच्या मधोमध ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आई, तुम्ही त्या दिवशी फोनवर म्हणत होता ना, घरात माणूस वावरतंय की भूत? दोन्ही. मी माणूस आहे. आणि त्या अजून लाइनवर आहेत, तेव्हा जरा नीट बोला."