सावलीत वाळवलेला पुदिना

"ताई, माझं चुकलं गं!" एवढंच म्हणून धाकटी दारातच मटकन बसली... आणि ताईला काहीच वाटलं नाही. ना राग, ना माया. अकरा वर्षांनी पाठची बहीण घरी आली होती, आणि हिच्या मनात आलं ते एवढंच, की आईची कूस बदलायची वेळ झाली.

एकेकाळी दोघी एकाच प्रयोगशाळेत होत्या. पुदिन्याच्या अर्काने जखमेतले जंतू मरतात का, हा ताईचा ध्यास. काचेच्या बशीत वाढवलेल्या जंतूंवर अर्काचा थेंब पडला, की भोवती स्वच्छ वर्तुळ उमटे... त्या वर्तुळापायी तिने दोन चांगली स्थळं परत पाठवली होती! मग आई अर्धांगाने अंथरुणाला खिळली. कुणीतरी घरी राहायलाच हवं होतं. ताईने आपली वही धाकटीच्या हाती दिली आणि ती घरी बसली. वर्षभराने शोधनिबंध छापून आला. त्यावर नाव एकटीचंच होतं, धाकटीचं! ताईने जाब विचारला नाही. आत काहीतरी गोठलं, ते गोठलंच.

"मी तुझ्या वहीतलेच आकडे छापले होते. आता कुणालाच ते वर्तुळ मिळत नाही," धाकटी हुंदके देत होती. "मलासुद्धा! म्हणतात, मी आकडे रचले. पंधरा दिवसांनी चौकशी आहे."

ताई नुसती गप्प राहिली असती, तरी सूड पुरा झाला असता. पण सूड उगवायलाही मनात धग लागते... ती होती कुठे?

"पानं कशी वाळवतेस?" ताईने विचारलं.

"भट्टीत. वहीत नुसतं 'वाळवून' असं लिहिलंय."

"भट्टीत तेल उडून जातं, वेडे. मी सावलीत, फडक्यावर पसरायची."

चौकशीच्या दिवशी आईपाशी शेजारीण बसली आणि ताई अर्काची बाटली घेऊन गेली. दुसऱ्या सकाळी बशीत वर्तुळ उमटलेलं होतं! प्रयोगशाळेचे प्रमुख खूश होऊन धाकटीला म्हणाले, "अभिनंदन! शंका फिटली."

"नाही साहेब," धाकटी पुढे येऊन म्हणाली, "हे काम माझ्या ताईचं आहे. मी तिचं नाव गाळलं... चोरी केली!"

धाकटीची नोकरी गेली. ताईला प्रमुखांनी कामावर बोलावलं. तिने नुसती मान डोलावली. आनंद कुठे शोधावा, तेही तिला उमगेना.

धाकटी मग आईचं करायला घरीच राहिली. ताई पहिल्या दिवशी कामावर निघाली, चपला घालत होती, तोच आतून आईचं कुडकुडत कण्हणं ऐकू आलं.

"अगं, गार पाण्याने काय पुसतेस तिला! अक्कल गहाण टाकलीस का?"

आपलाच चढलेला आवाज ऐकून ताई चपापली. अकरा वर्षांत ती कुणावर ओरडलीच नव्हती. ओलं फडकं हातात धरून धाकटी दारात येऊन उभी राहिली, भेदरलेली... आणि तिच्याकडे बघता बघता ताईला अनावर रडू फुटलं.