दोन करड्या बाबागाड्या

खऱ्या प्रेमापुढे कुठलीही भिंत टिकत नाही, असं म्हणतात. म्हणणारे कोपनहेगनला आलेले नसावेत. इथे भिंत लागतच नाही. समोरच्याला खाजगी काही विचारायचं नाही, एवढी रीत पुरते.

ऑक्टोबरातला गुरुवार होता, भुरभुर पाऊस. फ्रेडरिक्सबर्गच्या बागेतल्या कॅफेबाहेर नेहमीप्रमाणे बाबागाड्या ओळीने उभ्या होत्या. मोठी माणसं आत उबेला कॉफी पीत होती, बाळं इथल्या रिवाजाप्रमाणे बाहेर थंडीत गाढ झोपली होती. त्यातलं एक रडायला लागलं, तशी मारेन धावत बाहेर गेली. करड्या गाडीत वाकून तिने चोखणी तोंडात दिली, गाडी हलवली, काहीतरी गुणगुणली. बाळ झोपलं. वळून बघते तर एक उंच माणूस तिच्या डोक्यावर छत्री धरून उभा.

"छान झोपवलंस," तो म्हणाला. "ही आमची आहे."

मारेनचं बाळ शेजारच्या करड्या गाडीत घोरत होतं. तसं तेही तिचं नव्हतंच, बहिणीचं होतं. मारेनला गुरुवारी सुट्टी असायची, आणि बहिणीला ते ठाऊक होतं.

त्याचं नाव आस्गर. पुढच्या गुरुवारी दोघं खिडकीजवळच्या एकाच टेबलाशी बसली... गाड्यांवर नजर राहावी म्हणून. बोलणं दात येणं आणि पोट दुखणं यापलीकडे गेलं नाही. दालचिनीचा पाव तो अर्धा करायचा आणि मोठा अर्धा तिच्याकडे सरकवायचा. त्याच्या बोटात अंगठी नव्हती. पण इथे लग्नाशिवायही सुखाने संसार चालतात, तेव्हा अंगठीचा पुरावा कोर्टात टिकला नसता. भरल्या घरात आपण पाय घालायचा नाही, असं मारेनने मनाशी पक्कं ठरवलं, आणि दर बुधवारी रात्री ती केस धुवायला लागली.

नोव्हेंबर सरता सरता बहिणीच्या बाळाला पाळणाघरात जागा मिळाली. "बाळाला जागा मिळाली," एवढंच मारेनने कपाकडे बघत सांगितलं. आता गुरुवारी यायला तिला कारणच उरणार नव्हतं.

आस्गरने बाहेरच्या पावसाकडे बघत पावाचा मोठा अर्धा तिच्याकडे सरकवला. "मग एकटी ये," तो म्हणाला.

मारेनचे कान तापले. "आणि हिच्या आईला काय सांगणार आहेस?"

"वहिनीला? तिला काय सांगायचं... तीच दर गुरुवारी विचारते, पोर फिरवायला इस्त्रीचा शर्ट कशाला लागतो म्हणून."

मारेनने कप खाली ठेवला. तो बशीत न बसता बशीच्या कडेवर बसला.

"पण तुझ्या नवऱ्याला चालेल का?" आस्गरने अगदी हळू विचारलं. इतक्या दिवसांत त्याने विचारलेला हा पहिला खाजगी प्रश्न.

"नवरा माझ्या बहिणीला आहे," मारेन म्हणाली. "आणि तिलाही तो फारसा चालत नाही."

आस्गर हसला, मग ती हसली. त्याने टेबलावरून हात पुढे केला — तिने तो धरला, आणि बराच वेळ सोडला नाही. पाऊस थांबला होता. तळ्याला एक फेरी मारू, आज बोलायचं खूप साठलंय, असं ठरलं. दोघांनी गाड्या शेजारी शेजारी घेतल्या आणि तळ्याची वाट धरली.

तेवढ्यात रखवालदार फाटकाच्या किल्ल्या घेऊन आला आणि त्याने दोघांना बाहेरची वाट दाखवली. हिवाळ्यात ही बाग लवकर बंद होते.